सायकलीचे डिपॉझिट असे बुडते

बेळगावच्या आसपास मे महिन्यात तंबूतला मुक्काम आणि भाड्याच्या सायकलींवरून शहरदर्शन, अशी सोय देणारे आता बरेच जण दिसू लागले आहेत. निपाणी, चिकोडी, खानापूर भागातून मुलाबाळांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांनी पैसे भरण्यापूर्वी हा अनुभव जरूर वाचावा. आमच्या मुक्कामात काही खोट नव्हती. बुडाले ते सायकलींचे डिपॉझिट, आणि ते बुडवण्याची पद्धत पुरती ठरलेली होती.

बेळगाव सायकलवरून पाहण्यासारखेच शहर आहे, यात शंका नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीमुळे उन्हाळ्यातही सकाळ सुखाची असते. जांबोटी रस्त्यालगतच्या मुक्कामावरून आम्ही उजाडताच निघालो, पिरनवाडीवरून टिळकवाडीत आलो आणि १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी पाण्यासाठी खोदलेली विहीर मुलांना दाखवली. गांधीजी अध्यक्ष होते असे ते एकमेव अधिवेशन. पुढे किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या छताचे दगडी कमळ पाहिले आणि खडेबाजारातून कुंदा घेऊन परतलो.

सायकली मुक्कामावर पोचल्या होत्या त्या आदल्या दिवशी, दिवे लागल्यानंतर. त्या अंधारात ब्रेक आणि हवा याखेरीज काही तपासता येत नव्हते. प्रत्येक सायकलीमागे ३,००० रुपये फोनवरून भरून घेतले, शिवाय एक मूळ आधार कार्ड ठेवून घेतले. पावती मागितली तेव्हा मालक म्हणाला, “आपलीच माणसं की ओ तुम्ही, तुमच्याकडनं काय लिहून घ्यायचं?” सीमाभागात आपल्या बोलीत आपुलकीने बोलणाऱ्या माणसावर आपण चटकन विश्वास ठेवतो, आणि तो विश्वासच इथे पावतीच्या जागी वापरला गेला, याचा मला सर्वांत जास्त राग आहे.

निघण्याच्या दिवशी गाडी दारात उभी, सामान चढलेले, मुले आत बसलेली, अशा वेळी त्याने सायकली उलट्या करून पाहायला घेतल्या. “मागचा गिअर वाकलाय की. पार्ट हितं मिळत न्हाई, पुण्यासनं मागवाय लागतोय.” दुसऱ्या सायकलीचा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा, खरवडल्याचे त्याने दाखवले. माझ्या भावाने त्या ओरखड्यावरून बोट फिरवले. ओरखडा ताजा असता तर खालचे लोखंड चकाकले असते. इथे खाचेत गंज चढला होता आणि त्यावर वंगणात भिजलेली धूळ वाळून घट्ट बसली होती. गिअरची गोष्टही तशीच. त्या सायकलीची चेन पहिल्याच चढाला उडत होती आणि ते आम्ही त्याला लगेच फोनवर कळवलेही होते. त्यावर त्याचे उत्तर एकच: डिपॉझिट सोडा, नाहीतर आधार कार्ड उद्या दुकानातून घेऊन जा. आम्ही कार्ड घेऊन निघालो.

शहापुरातल्या एका सायकल मिस्त्रींना गिअरचा फोटो दाखवला, तेव्हा मागचा गिअर ज्या पट्टीला जोडलेला असतो ती पट्टी जागेवरच सरळ करता येते, नवा भाग लागत नाही, असे त्यांनी सांगितले. ती मुद्दामच वाकडी ठेवली जाते, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पुढच्या कुटुंबाचे डिपॉझिटही तिच्याच नावावर कापता येते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत. सायकली घ्यायच्याच असतील तर दिवसाउजेडी घ्याव्यात, मालकासमोर फोर्क, रिम, चेन आणि मागच्या गिअरचे जवळून चित्रीकरण करावे, आणि परत देताना हाताशी मोकळा वेळ ठेवावा. मूळ आधार कार्ड कुणाच्याही हाती देऊ नये. शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत पुरते. पैसे भरताना ‘सायकल डिपॉझिट, परत मिळणार’ असे त्या व्यवहारातच लिहावे, कारण आमच्या व्यवहारात नुसती रक्कम दिसते, आणि ते सगळे भाडेच होते असे तो आता सांगतो आहे.