राउटर दणकट, पण सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये कंपनीने घाण करून ठेवलीय

स्पीड आणि रेंजबद्दल सगळेच लिहितात आणि त्यात या राउटरला नावं ठेवायला जागा नाही, दोन भिंतींपलीकडेही सिग्नल व्यवस्थित येतो. माझी तक्रार एन्क्रिप्शनची, म्हणजे वायफायवरचा डेटा कुलूपबंद करण्याची आहे, कारण खोक्यावर ठळक अक्षरांत डब्ल्यूपीए३ (वायफायची डब्ल्यूपीए२ नंतरची सुरक्षा पद्धत) छापलंय आणि लावल्यावर बघतो तर ते चालूच नाही.

राउटरचं ॲप वायफायचं नाव विचारतं, पासवर्ड विचारतं, हिरवी टिक दाखवतं आणि झालं म्हणतं. सिक्युरिटी कुठली लावली त्याबद्दल चकार शब्द नाही. त्यासाठी ब्राउजरमधून ॲडमिन पेज उघडायचं, ॲडव्हान्स्डमध्ये जायचं, तिथून वायरलेस, आणि तिथे ड्रॉपडाउनमध्ये आधीपासून निवडलेलं काय, तर 'डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२ मिक्स्ड, टीकेआयपी+एईएस'. अहो टीकेआयपी हा एन्क्रिप्शनचा २००३ चा तात्पुरता जुगाड, डब्ल्यूईपी या वायफायच्या पहिल्या सुरक्षा पद्धतीचे बारा वाजले म्हणून जुन्याच हार्डवेअरवर चालेल असा काढलेला, पुढच्याच वर्षी एईएस या भक्कम एन्क्रिप्शनवालं डब्ल्यूपीए२ आलं. वर एखादं डिव्हाइस टीकेआयपीवर जोडलं गेलं की त्याचा स्पीड ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही, मग लोक राउटरलाच शिव्या घालतात. यादीत डब्ल्यूईपी पण आहे!! २००१ मध्येच फोडलं गेलेलं, कोणासाठी ठेवलंय देव जाणे.

डब्ल्यूपीएस पिनही (वायफायचा पासवर्ड न टाकता डिव्हाइस जोडायचा आकडी कोड) चालूच असतो. आठ आकडी म्हणजे ऐकायला भक्कम वाटतं, पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो, आधी चार आकडे मग तीन, आठवा नुसता चेकसम, म्हणजे आधीच्या सातांवरून काढलेला, म्हणजे दहा कोटी सोडा, जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत पिन सापडतो. २०११ मध्ये हे जगजाहीर झालंय. बंद करायचं बटण भलत्याच टॅबमध्ये आहे, पण एकदा बंद केलं की रीबूटनंतरही बंदच राहतं, तेवढं बरं.

आता चांगलं सांगतो. गेस्ट नेटवर्कला वेगळी सिक्युरिटी निवडता येते, हे मला जाम आवडलं. मेन नेटवर्क फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवलं, फोन लॅपटॉप पटापट जोडले गेले, जुन्या टीव्हीला ते झेपेना म्हणून त्याला गेस्टवर डब्ल्यूपीए२-एईएस देऊन टाकलं. अशी सोय तुमच्या राउटरला नसेल तर डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ ट्रान्झिशन मोड लावा, तोही चालतो, फक्त पीएमएफ (वायफायचे जोडणी सांभाळणारे मेसेज सुरक्षित करणारं सेटिंग) 'रिक्वायर्ड' करू नका, नाहीतर जुनी डिव्हाइस बाहेरच राहतात. डब्ल्यूपीए२ वर पासवर्ड मात्र लांबलचक हवा, कारण कोणी जोडणीच्या वेळचा हँडशेक (डिव्हाइस आणि राउटरमधली ओळख पटवण्याची देवाणघेवाण) पकडला की मग तो निवांत आपल्या मशीनवर लाखो पासवर्ड लावून बघू शकतो, तुमच्या नेटवर्कजवळ बसायची पण गरज नाही. डब्ल्यूपीए३ मध्ये ती सोय उरत नाही, दर अंदाजाला राउटरचंच दार ठोठवावं लागतं. नियमाने ८ ते ६३ अक्षरं चालतात, स्पेससुद्धा, पण या ॲपला स्पेस दिली की 'इनव्हॅलिड' म्हणतं आणि तोच पासवर्ड ॲडमिन पेज बिनतक्रार घेतं, आता काय बोलायचं!

घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण ॲपच्या हिरव्या टिकेवर जाऊ नका. आणि हे सगळं लॅनची केबल लावून करा, कारण प्रत्येक सेव्हला वायफाय तुटतं आणि पेज अर्ध्यातच लटकतं.