मॉरिशस की माल्टा? कंपनी थाटण्याआधी

परदेशात उपकंपनी काढायची म्हटलं की लोक आधी कर किती ते विचारतात. मी बँकेचं आधी बघेन. पैसा कुठून आला, असं बँक विचारणारच. तेव्हा कोणत्या बेटाचं नाव कमी जड जाईल?

काळ्या पैशावर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था एफएटीएफ ढिल्या देशांची एक करडी यादी ठेवते. त्या यादीत दोन्ही देश जाऊन आलेत. मॉरिशस फेब्रुवारी २०२० ते ऑक्टोबर २०२१, माल्टा जून २०२१ ते जून २०२२. त्यामुळे यादीवरून निकाल लागत नाही. दुखणी वेगळी आहेत.

मॉरिशसचं दुखणं कागदी. राजधानी पोर्ट लुईत पाटी, निर्णय मुंबईत. भारताशी झालेल्या जुन्या कर-करारामुळे शेअर विकून झालेल्या नफ्यावर भारतात कर नव्हता आणि तिकडेही नव्हता. आपलाच पैसा तिकडून फिरून येतो, हा संशय त्यातूनच. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरना ती सवलत नाही. तरी सल्लागार अजून ती जुनी गोष्ट रंगवून सांगतात!

माल्टात रोग सत्तेच्या उंबऱ्यापर्यंत गेला. भ्रष्टाचार खणणाऱ्या पत्रकार डॅफ्नी कारुआना गलिझिया यांची ऑक्टोबर २०१७ मध्ये कारबॉम्बने हत्या झाली. त्या तपासाच्या वादळात पंतप्रधान जोसेफ मस्कॅट जानेवारी २०२० मध्ये पायउतार झाले. पैसे घेऊन नागरिकत्व देण्याची योजना युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये बेकायदा ठरवली. मॉरिशसही सोवळं नाही: माजी पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये मनी लाँडरिंगच्या प्रकरणात अटक झाली, आरोप त्यांनी नाकारले.

अर्थव्यवस्थेत माल्टा सरळ पुढे. युरो चलन, युरोपची बाजारपेठ, पर्यटन आणि ऑनलाइन गेमिंग, कर्ज जीडीपीच्या निम्म्याहून कमी. साखर, कापड, पर्यटन आणि वित्तसेवांवर चालणाऱ्या मॉरिशसवर कर्जाचा बोजा जीडीपीच्या मानाने माल्टाच्या जवळपास दुप्पट.

कराचं गणित: माल्टात ३५ टक्के भरायचे, मग भागधारकाला सहा सप्तमांशापर्यंत परतावा, म्हणजे शेवटी कर सुमारे ५ टक्के. परतावा हाती येईपर्यंत रोकड अडकते. मॉरिशसचा दर १५. ठरावीक उत्पन्नावर सूट धरून ३.

गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी देणारा मॉरिशस आपल्याला जवळचा वाटतो, तो भाग वेगळा. गिऱ्हाईक आफ्रिकेत असेल तर तो घ्या. युरोपात असेल तर माल्टा, पण खरं ऑफिस आणि पगारी माणसं ठेवून. पैसा शेवटी भारतातच गुंतवायचा असेल, तर दोन्हींकडे कशाला जाता?