डीआरएसचा आढावा: यंत्रणा भरवशाची, वापर कच्चा

डीआरएस म्हणजे पंचांच्या निर्णयाला तंत्रज्ञानाच्या मदतीने आव्हान द्यायची पद्धत; असं प्रत्येक आव्हान म्हणजे एक रिव्ह्यू. कसोटीत प्रत्येक डावाला तीन, वनडे आणि टी-२०मध्ये दोन. इतके रिव्ह्यू फसले की संपले. मागायचा की नाही हे ठरवायला १५ सेकंद. २००९च्या ड्युनेडिन कसोटीत अधिकृतपणे सुरू झालेली डीआरएस आज भरवशाची सेवा आहे. पंचांची ढोबळ चूक ती हमखास पकडते. अडचण वापरणाऱ्यांची आहे: बहुतेक संघ ती 'लागलं तर लागलं' म्हणून वापरतात.

२००८च्या श्रीलंका दौऱ्यात पहिली चाचणी झाली, तेव्हा तीन कसोटींत भारताचा फक्त एक रिव्ह्यू यशस्वी ठरला. त्यानंतर बीसीसीआय कित्येक वर्षं या पद्धतीपासून लांब राहिलं. मायदेशी कसोटीत ती थेट २०१६मध्ये राजकोटला आली. पण त्या चाचणीतला धडा यंत्राबद्दलचा नव्हता, कधी मागायचं याबद्दलचा होता.

सगळ्यात जास्त रिव्ह्यू फुकट जातात ते पायचीतवर. चेंडू पॅडवर आदळला की गोलंदाज पेटतो, आणि पेटलेला गोलंदाज हा सगळ्यात वाईट सल्लागार. कर्णधाराने त्याला 'आऊट आहे का' असं विचारूच नये. टप्पा कुठे पडला हे यष्टिरक्षकाला विचारावं, कारण चेंडूची रेषा त्याला समोरून दिसते. उंची स्क्वेअर लेग किंवा पॉइंटच्या क्षेत्ररक्षकाला विचारावी. मागे उभ्या यष्टिरक्षकाला ती फसवते. प्रश्नांचा क्रमही ठरलेला हवा: आधी बॅट लागली का, मग टप्पा, मग पॅडवरचा आघात, शेवटी उंची. डावखुऱ्या फलंदाजाला उजव्या हाताचा गोलंदाज ओव्हर द विकेट टाकत असेल, तर टप्पा लेगच्या बाहेर पडण्याचा, म्हणजे पायचीत न ठरण्याचा, धोका कायम असतो. तिथे शंका आली की हात खालीच ठेवावा.

२०१९ची हेडिंग्ले कसोटी याचं सर्वांत महागडं उदाहरण. ऑस्ट्रेलियाने शेवटचा रिव्ह्यू इंग्लंडच्या डावखुऱ्या जॅक लीचच्या पायचीतवर घालवला. चेंडू लेगच्या बाहेर पडला होता. लगेच पुढच्या षटकात नेथन लायनच्या चेंडूवर बेन स्टोक्स पॅडवर सापडला, पंचांनी नाबाद दिलं, रिप्लेमध्ये चेंडू यष्ट्यांवर जाताना दिसला. मागायला काही उरलंच नव्हतं. इंग्लंड एका गड्याने जिंकलं.

'अंपायर्स कॉल'वर, म्हणजे काठावरच्या प्रसंगी मैदानावरच्या पंचांचाच निर्णय कायम राहतो त्यावर, प्रेक्षक चिडतात, पण संघाने त्याचं गणितच पाठ करावं. चेंडूची जाडी साधारण ७.२ सेंटीमीटर. पंचांचं नाबाद उलटवायचं असेल, तर त्यातला निम्म्याहून जास्त, म्हणजे ३.६ सेंटीमीटरच्या वर भाग यष्ट्यांच्या पट्ट्यात दिसायला हवा. उलट बाद दिलेल्या फलंदाजाला सुटायचं असेल, तर चेंडू यष्ट्यांना पूर्ण चुकायला हवा. यष्ट्यांवरची नुसती बेल घासत असली तरी तो बादच. चेंडूच्या पुढच्या मार्गाच्या अंदाजात थोडीफार चूक राहते, म्हणून ही सोय योग्यच आहे. टप्पा आणि पॅड यांच्यात अंतर कमी असेल, तर कॅमेऱ्यांना उसळीनंतरचा मार्ग फारच थोडा मिळतो. अंपायर्स कॉलवर रिव्ह्यू परत मिळतो, त्यामुळे चांगल्या पायचीतवर भीड बाळगू नये. फलंदाजाने फटका खेळायचा खरा प्रयत्न केला का, हे २०२१पासून पंचांना आधी विचारता येतं. फटका न खेळणारा ऑफच्या बाहेर चेंडू लागूनही पायचीत ठरू शकतो, म्हणून तिथे पॅड पुढे करणाऱ्यांविरुद्ध हा प्रश्न सोन्यासारखा आहे, आणि तो फार कमी कर्णधार विचारतात.

कडेचा, म्हणजे चेंडू बॅटला निसटता लागल्याचा, मामला सोपा. आवाज टिपणाऱ्या अल्ट्राएज या तंत्रात चेंडू बॅटजवळून जातो त्याच फ्रेमवर आवाजाच्या रेषेत टोक उठलेलं दिसायला हवं. बॅट जमिनीला किंवा पॅडला लागली तरी आवाज होतो, म्हणून नुसत्या आवाजावर हुरळू नये. फलंदाजाला मात्र आपली कड बहुतेक वेळा हातात जाणवलेली असते. पायचीत दिल्यावर आतली कड लागली असेल, तर क्षणाचाही विचार नको. २०१९च्या विश्वचषक अंतिम सामन्यात सलामीवीर गप्टिलने न्यूझीलंडचा एकमेव रिव्ह्यू (तेव्हा वनडेत डावाला एकच असे) पायचीतवर घालवला; पुढे रॉस टेलरला पायचीत दिलं तेव्हा चेंडू यष्ट्यांवरून जात होता, पण मागायची सोयच उरली नव्हती. सलामीवीराने आपल्यापेक्षा मधल्या फळीचा विचार करावा, तो यासाठी.

यष्टिरक्षकांनी एक बदल लक्षात ठेवावा. यष्टिचीतचं अपील तिसऱ्या पंचाकडे गेलं, की आता फक्त बाजूचा रिप्ले पाहिला जातो. कड लागली असं वाटत असेल, तर झेलासाठी वेगळा रिव्ह्यू घ्यावा लागतो.

या सेवेतला खरा दोष एकच, आणि तो नियमात आहे. पंचांनी बाद दिलं की चेंडू तिथेच डेड होतो, म्हणजे त्या चेंडूवरचा खेळ थांबतो. निर्णय उलटला तरी धावा मिळत नाहीत. जून २०२४मध्ये न्यूयॉर्कला बांगलादेशच्या महमुदुल्लाहला पायचीत दिलं, चेंडू पॅडवरून सीमापार गेला, रिव्ह्यूत तो नाबाद ठरला. चार लेग बाय मात्र गेले, आणि बांगलादेश दक्षिण आफ्रिकेकडून चारच धावांनी हरला. पंचांनी बोट वर केलं तेव्हा चेंडू सीमेकडे निघालाच असेल आणि त्यावर कुणाला काही करता येत नसेल, तर तो चौकार आयसीसीने द्यायला हवा. क्षेत्ररक्षक थांबले म्हणून गेलेल्या एकेरी-दुहेरी धावांचा वाद राहील, पण दोरीपलीकडे गेलेल्या चेंडूबद्दल वाद कसला?