कॅलिफोर्निया, मेक्सिकन ब्लॅक की फ्लोरिडा? किंगस्नेक घ्यायच्या आधी तो नक्की कोणता ते कसं ओळखायचं

मी अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिनला राहतो. पहिलं कॅलिफोर्निया किंगस्नेकचं पिल्लू घरी आणलं त्या रात्री आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती किंचाळलीच, अरे मण्यार आहे ती, ठेव खाली आधी! तिचं काही चुकलं नाही, काळ्या अंगावर पांढरे पट्टे म्हटल्यावर कोकणात वाढलेल्या माणसाला पहिली मण्यारच आठवणार, आणि आपल्याकडे बिचारा बिनविषारी कवड्या साप याच गैरसमजापायी मारला जातो. किंगस्नेक बिनविषारी, भक्ष्याला विळखा घालून मारणारा. किंग का, तर नागराजासारखाच हा दुसरे साप खातो, रॅटलस्नेकसुद्धा, त्याचं विष याला फारसं बाधत नाही.

पण नुसत्या रंगावरून साप ओळखायला गेलं की जो घोळ होतो तोच विकत घेतानाही होतो, आणि इथे तर पैसे जातात आणि पुढची १५-२० वर्षं तो साप आपल्याकडे राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी नावांचं सांगतो, कारण रेप्टाइल शोमध्ये, म्हणजे साप-सरडे विकायच्या प्रदर्शनात, एकाच जातीच्या सापाच्या दोन डब्यांवर दोन वेगळी नावं दिसतात आणि नवीन माणूस गोंधळतो. पूर्वी हे सगळे एकाच जातीच्या, म्हणजे लॅम्प्रोपेल्टिस गेटुलाच्या, उपजाती मानले जायचे. २००९ मध्ये पायरन आणि बरब्रिंक या शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून त्यातल्या चार वेगळ्या जाती केल्या, कॅलिफोर्नी, स्प्लेंडिडा म्हणजे डेझर्ट, होलब्रुकी म्हणजे स्पेकल्ड आणि नायग्रा म्हणजे ब्लॅक (मेक्सिकन ब्लॅक वेगळा), आणि गेटुला हे नाव पूर्वेकडच्या सापांपुरतं राहिलं, फ्लोरिडा किंगस्नेक त्यातच धरला. पाळणारे लोक मात्र अजून जुनीच नावं वापरतात. त्यामुळे डब्यावर 'गेटुला कॅलिफोर्नी' लिहिलं असेल तर ती फसवणूक नाही, जुनी सवय आहे.

आता मुख्य तुलना. बहुतेकांचा प्रश्न कॅलिफोर्निया की मेक्सिकन ब्लॅक हाच असतो.

कॅलिफोर्नियाचे पट्टे आडवे असतात किंवा पाठीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच उभी रेघ असते. हे दोन वेगळे साप वाटतात, एके काळी तसे मानलेही होते, पण सॅन दिएगोचे सर्पतज्ज्ञ लॉरेन्स क्लाउबर यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिलं की एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही प्रकारची पिल्लं निघतात. मला ही गोष्ट फार आवडते, कारण नक्षी म्हणजे जात नव्हे हे यापेक्षा सोपं करून कोणी सांगू शकणार नाही. रंगही जागेप्रमाणे बदलतो, वाळवंटाकडचे काळे-पांढरे आणि किनाऱ्याकडचे चॉकलेटी-पिवळट. त्यात पैदाशीतून आलेले अल्बिनो, लॅव्हेंडर, हाय व्हाइट असे मॉर्फ, म्हणजे रंगप्रकार, ते बघून ओळखायचा प्रयत्नच करू नका, ब्रीडरला, म्हणजे पैदास करणाऱ्याला, विचारा.

मेक्सिकन ब्लॅक, म्हणजे नायग्रिटा, मूळचा सोनोरा आणि उत्तर सिनालोआ भागातला. मोठा झाला की अक्षरशः काळ्या काचेसारखा दिसतो, ऊन पडलं की जांभळट निळी झाक मारते. सगळ्यात जास्त मागणी याला आणि किंमतही साध्या कॅलिफोर्नियापेक्षा बरीच जास्त, म्हणून सगळ्यात जास्त भेसळसुद्धा यातच होते, कॅलिफोर्निया किंवा डेझर्टशी झालेल्या संकराची काळपट पिल्लं याच नावाने विकली जातात. अडचण अशी की अस्सल मेक्सिकन ब्लॅकच्या पिल्लालाही हनुवटीखाली आणि कडेला थोडे फिकट ठिपके असू शकतात, दर कातीनंतर ते कमी होत जातात. मग ठिपके दिसले म्हणून संकर म्हणायचं का? नाही. पण वर्ष-दोन वर्षांच्या सापाच्या पाठीवर अजून पट्ट्यांच्या खुणा दिसत असतील तर मी तो मेक्सिकन ब्लॅक म्हणून घेणार नाही. आणि पिल्लू घेत असाल तर पिल्लापेक्षा त्याचे आई-बाप बघायला मागा, निदान त्यांचे नीट उजेडातले फोटो.

फ्लोरिडाचं बरोबर उलट आहे. पिल्लू गडद, त्यावर फिकट आडवे पट्टे, कडेला लालसर छटा, आणि वय वाढेल तसा एकेक खवला बुडाकडून उजळत जातो, शेवटी मोठा साप मधाच्या रंगाचा दिसतो. दक्षिण टोकाकडच्या फार उजळ सापांना ब्रूक्स म्हणतात. हाही पिल्लू असताना खात्रीने ओळखणं अवघड, फ्लोरिडाचे पट्टे दाट आणि ईस्टर्नचे, म्हणजे पूर्वेकडच्या गेटुलाचे, विरळ, काळ्या अंगावर साखळीसारखे कडेला जोडलेले, एवढा फरक लक्षात ठेवा. फ्लोरिडा अंगाने भरदार, चार-पाच फुटांपर्यंत जातो. कॅलिफोर्निया आणि मेक्सिकन ब्लॅक बहुतेक तीन-चार फुटांत थांबतात, त्यामुळे अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याने हा फरक आधीच मनात धरावा.

स्पेकल्ड आणि डेझर्ट इथे टेक्सासमध्ये रानातच आहेत. स्पेकल्डच्या जवळजवळ प्रत्येक काळ्या खवल्यावर एक पिवळा ठिपका, मीठ-मिरी भुरभुरल्यासारखा. डेझर्टचे ठिपके कडेला, पाठीवर मोठे काळे चौकोन आणि त्यांच्यामधून बारीक पिवळ्या आडव्या रेघा, डोकं गडद. पुस्तकात फरक स्वच्छ दिसतो, पण मध्य टेक्सासमध्ये दोघांचे प्रदेश मिळतात आणि तिथल्या सापांत दोघांच्या खुणा असतात. असा साप संकर करून बनवलेला नाही, निसर्गातच तसा आहे, आणि त्याला जबरदस्तीने एका नावात कोंबण्यात काही अर्थ नाही. म्हणून लोकॅलिटी महत्त्वाची, साप किंवा त्याचे पूर्वज कुठल्या काउंटीतून आले ते लिहिलेलं असेल तर नाव शास्त्रज्ञांनी उद्या पुन्हा बदललं तरी तुमची नोंद खरी राहते.

खवले मोजून उपजात कळेल का असं बरेच जण विचारतात. खवल्यांवरून हा किंगस्नेकच्या गटातला असावा एवढा अंदाज येतो, खवले गुळगुळीत आणि शेपटीच्या सुरुवातीला गुदद्वारावरचा खवला अखंड, रॅट स्नेक आणि रेसरचा तो दुभंगलेला असतो. पण किंगस्नेकांतला कोणता, ते ठरवायला याचा उपयोग नाही. त्यात किंगस्नेक आणि कॉर्न स्नेकचाही संकर होतो, जंगल कॉर्न म्हणतात त्याला, आणि ती पिल्लं पुढे वितात, चार पिढ्यांनंतर कोणाला काही ओळखू येत नाही. ज्याचं मूळ माहीत नाही तो साप प्रेमाने पाळा, पण त्याची पैदास करून नाव लावून विकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

स्वभावात मला उपजातीपेक्षा एकेका सापाचाच फरक जास्त दिसला, तरी स्पेकल्डची पिल्लं जास्त फणकारतात, शेपटी थरथरवतात, घाण सोडतात. कॅलिफोर्निया हातात लवकर रुळतो. खायला मात्र सगळेच अधाशी, हाताला उंदराचा वास असेल तर धरून चावतच राहतात, तेव्हा हात धुवून मगच उचला. आणि एका टँकमध्ये दोन किंगस्नेक कधीच नाहीत, दुसऱ्या दिवशी एकच उरू शकतो. चार फूट लांब टँक, एका टोकाला ३० अंशांच्या आसपास उष्णता, दुसरं टोक २३-२४, थर्मोस्टॅट हवाच. कॅलिफोर्निया आणि मेक्सिकन ब्लॅक कोरड्या हवेत खूश, फ्लोरिडाला थोडी जास्त ओल लागते.

कायदा राज्याप्रमाणे बदलतो. जॉर्जियात तिथले स्थानिक बिनविषारी साप पाळता येत नाहीत, हवाईत तर कुठलाच साप नाही. युरोपातल्या मराठी मंडळींनी विशेष लक्ष द्या, पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेक सुटून स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर इतके वाढले की तिथले मोठे सरडे संपायला आले, आणि २०२२ पासून युरोपियन युनियनने गेटुलाला (जुन्या अर्थाने, कॅलिफोर्नियासकट) आक्रमक जातींच्या यादीत टाकलंय, म्हणजे नवीन घेणं बंद. आणि इथले फोटो बघून गावाकडे कोणाला आपला एखादा पट्टेवाला साप घरात ठेवायची इच्छा झाली तर, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा ठरू शकतो, सर्पमित्राला फोन करा.

पहिलाच साप असेल तर माझं मत साधा आडव्या पट्ट्यांचा कॅलिफोर्निया, नोंदी ठेवणाऱ्या ब्रीडरकडून, आणि त्याच्याकडेच तीन-चार वेळा नीट खाऊन झालेला. काळाच हवा असेल तर सहा महिने थांबा, पैसे साठवा आणि आई-बाप बघून घ्या. मी तसाच थांबलोय, या वर्षीची अंडी ब्रीडरकडे अजून उबवणीत आहेत.