पाठीशी बांधलेली लेक: लहान मुलांच्या दुचाकी-पट्ट्याचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनपासून मी मुलीला मोटारसायकलवर माझ्या पाठीमागे पट्ट्याने बांधून नेत आहे. रोजची फेरी ठाण्यातल्या कासारवडवलीहून मानपाड्याच्या बालवाडीपर्यंतची, आणि आठवड्यातून दोनदा नौपाड्यात आजीकडे, म्हणजे एका बाजूने दहाएक किलोमीटर. पट्टा घेतला तेव्हा ती साडेतीन वर्षांची आणि तेरा किलोची होती; आता चार पूर्ण झाली आहेत आणि वजन पंधरा किलो भरते. गाडी १२५ सीसीची साधी मोटारसायकल आहे.

त्याआधी ती टाकीवर बसत असे. मे महिन्यात सोसायटीजवळच्या गतिरोधकावर मला जोरात ब्रेक दाबावा लागला आणि तिचे कपाळ हँडलच्या मधोमध आपटले. टेंगूळ आले, त्यापलीकडे काही झाले नाही. पण त्या क्षणी माझे संपूर्ण वजन मागून तिच्यावर आले होते, हे मला घरी पोहोचल्यावर उमगले. टाकीवरचे मूल आपल्या दोन हातांच्या मध्ये असल्यामुळे सुरक्षित वाटते, प्रत्यक्षात ते हँडल आणि आपली छाती यांच्यामध्ये सापडलेले असते. आमचे वडील अजूनही म्हणतात, "अरे, तुला टाकीवर बसवून कल्याणला नेत होतो, काय झालं तुला?" त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, काही झाले नाही, एवढे खरे.

नियम थोडक्यात सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत फेब्रुवारी २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती वर्षभराने लागू झाली. तिच्यानुसार नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला चालकाच्या मागे बसवून नेताना त्याला चालकाशी जोडणारा पट्टा आणि डोक्याला नीट बसणारे हेल्मेट हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेटची सक्ती मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येच आहे. कलम १२८ प्रमाणे चालकाखेरीज एकालाच बसवता येते, आणि लहान मूल त्या हिशेबातून वगळलेले नाही. त्यामुळे आई-बाबांच्या मध्ये मूल, हा आपल्याकडचा सर्रास दिसणारा प्रकार कायद्याने ट्रिपल सीटच ठरतो. आमच्याकडे आता आजीकडे जाताना पत्नी बसने किंवा रिक्षाने पुढे जाते, आम्ही दोघे मागून.

पट्टा म्हणजे मुलाला घालायचे जाकीट आणि त्याला जोडलेल्या, चालकाने खांद्यांवरून दप्तरासारख्या अडकवायच्या दोन पट्ट्या. मी नऊशे रुपयांना घेतला. त्यावर ३० किलो असा आकडा छापलेला होता, आणि नियमातही तोच आकडा आहे. परंतु ३० किलो वजन टांगून धरणे वेगळे आणि गाडी धडकली असता बसणारा हिसका सोसणे वेगळे, कारण अशा वेळी पट्ट्यावर मुलाच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ येते. पहिल्या रात्री मी तो खिडकीच्या गजाला अडकवून त्यात दहा दहा किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या ठेवल्या. सकाळी शिवण शाबूत होती, मात्र डावीकडची पट्टी बक्कलातून दोन बोटे सरकलेली होती. तेव्हापासून निघण्यापूर्वी रोज पट्टी ओढून पाहतो आणि उरलेल्या टोकाला गाठ मारतो.

एकट्याने पट्टा बांधणे हे यातले सर्वांत कटकटीचे काम आहे. बक्कल आपल्या पाठीमागे, मूल चुळबुळ करणारे आणि गाडी साइड स्टँडवर कललेली, असे पहिले दोन आठवडे गेले. आता जाकीट घरातच चढवतो, गाडी मेन स्टँडवर लावतो, आणि मुलगी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उभी असताना तिच्याकडे पाठ करून पट्ट्या जोडून घेतो. उतरताना क्रम उलटा करावा लागतो, आणि एकदा मी तो विसरून तिला अडकवलेलीच ठेवून पाय टाकला, तेव्हा आम्ही दोघे थोडक्यात वाचलो. सिग्नलवर "झाशीची राणी" ही हाक आठवड्यातून एकदा तरी ऐकू येते. मुलीला ती फार आवडते.

आता मुख्य गोष्ट, झोप. माजिवड्याच्या पुढे संध्याकाळच्या वाऱ्यात ती हमखास पेंगते. आधी आमचे नावांचे खेळ चालू असतात, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, मग उत्तरे येईनाशी होतात आणि प्रत्येक खड्ड्याला तिचे हेल्मेट माझ्या पाठीवर आपटू लागते. पट्टा नसता तर ती एका बाजूला घसरली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि केवळ एवढ्यासाठी मी हे पैसे पुन्हा खर्च करीन. परंतु पट्टा छाती धरतो, मान धरत नाही. जवळजवळ किलोभर वजनाचे हेल्मेट झोपलेल्या मुलाच्या मानेवर हेलकावे खात असते, आणि चालकाला मात्र ती पडणार नाही याची खात्री असल्यामुळे पुढे जात राहण्याचा मोह होतो. मी स्वतः ऑक्टोबरपर्यंत तसाच जात राहिलो, हे कबूल करतो. आता हेल्मेट पाठीला दुसऱ्यांदा लागले की गाडी कडेला घेतो, तिला उठवतो, पाणी देतो. नाहीच उठली तर पत्नीला फोन करून रिक्षा बोलावतो.

हेल्मेट घेताना डोक्याचा घेर टेपने मोजून, आयएसआय चिन्ह पाहून घेतले. वाढत्या अंगाचे म्हणून मोठे देऊ पाहणाऱ्या दुकानदाराचे ऐकू नये. पायांचा प्रश्न पट्टा सोडवत नाही: तिचे पाय फुटरेस्टपर्यंत पोहोचत नाहीत, डावीकडे साडीगार्ड असल्याने चाकाची भीती कमी, पण उजवीकडे सायलेन्सर तापलेला असतो, म्हणून उन्हाळ्यातही लांब पँट आणि बंद बूट.

घोडबंदर रोडवर ताशी ४० चा वेग पाळणे सोपे नाही. उड्डाणपुलांवर मागून कंटेनर येतात, म्हणून जिथे सर्व्हिस रोड नीट आहे तिथे मी तोच धरतो. मेट्रोच्या बॅरिकेडमुळे रस्ता अरुंद होतो तिथे तर तिशीही जास्त वाटते. पावसात जाकिटातला फोम दोन दोन दिवस ओला राही आणि त्याला वास येई. जुलैच्या मध्यापासून धो धो पावसाच्या दिवशी आम्ही गाडी काढणेच बंद केले.

धाकट्या बहिणीने तिच्या चौदा महिन्यांच्या मुलासाठी पट्टा मागितला आहे. नियमात ते वय बसते. परंतु आमच्याकडचे हेल्मेट त्याला घालून पाहिले तर ते डोळ्यांवर उतरले, आणि दुकानातले सर्वांत लहान घातल्यावर त्याने पाच मिनिटांत मान माझ्या हातावर टाकली. मी तिला रिक्षाने यायला सांगितले आहे, पट्टा आमच्याच कपाटात आहे.