पाण्यातलं शिसं मोजायचं कशावर? ज्वाला, ग्राफाइट की प्लाझ्मा

रिपोर्टवर शिशासमोर ‘आढळले नाही’ असं छापलेलं असतं आणि घरचे निर्धास्त होऊन तेच पाणी पिऊ लागतात. असे बरेच रिपोर्ट मी पाहिले आहेत. त्यातले काही ज्या यंत्रावर काढले होते, त्या यंत्राला धोक्याच्या पातळीवरचं शिसंही धड दिसत नाही. छोट्या प्रयोगशाळेसाठी यंत्र घ्यायला निघालेल्यांनी आणि बोअरचं पाणी तपासून घेणाऱ्यांनीही किमतीच्या आधी हे समजून घ्यायला हवं.

पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. प्रयोगशाळेच्या बोलीत १० पीपीबी. आर्सेनिकची स्वीकार्य मर्यादाही तितकीच. कॅडमियमची ३ आणि पाऱ्याची अवघी १. हे आकडे समोर ठेवूनच पुढचं सगळं ठरवा. यंत्राचे दोन आकडे विचारायचे. शोधमर्यादा म्हणजे धातू आहे एवढं कळतं ती पातळी. मोजमर्यादा म्हणजे किती आहे ते खात्रीने सांगता येतं ती पातळी, आणि ती साधारण तिप्पट वर असते. मोजमर्यादा मानकाच्या एक तृतीयांशाच्या आत नसेल, तर ते यंत्र त्या धातूसाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्वालेचं एएएस (धातूचे अणू किती प्रकाश शोषतात त्यावरून मोजणारं यंत्र) या कसोटीला शिशाच्या बाबतीत उतरत नाही. ॲसिटिलीनच्या ज्वालेत नमुन्याचा जेमतेम ५ ते १० टक्के भाग फवाऱ्याने पोचतो, बाकी निचऱ्यात जातो. पोचलेले अणूही प्रकाशाच्या वाटेत काही मिलिसेकंदच टिकतात. त्यामुळे शिशाची शोधमर्यादाच १० पीपीबीच्या आसपास अडते. लोह, जस्त, तांबं, मँगनीज यांच्यासाठी हे यंत्र उत्तम, स्वस्त आणि दणकट आहे. ते आधीच दारी असेल तर विकू नका. हायड्राइडची जोडणी (आर्सेनिकचा वायू करून यंत्रात सोडणारी) बसवली की त्याच यंत्रावर आर्सेनिक १ पीपीबीच्या खाली मोजता येतं. पाऱ्यासाठी शीतबाष्प पद्धत आहे: स्टॅनस क्लोराइडने पाऱ्याची वाफ मोकळी करायची आणि ज्वाला न पेटवताच २५३.७ नॅनोमीटरवर वाचायची. कमी खर्चात एवढं देणारी दुसरी जोडणी मला माहीत नाही.

ग्राफाइट फर्नेस हेही एएएसच, पण ज्वालेऐवजी तापणाऱ्या नळीचं. त्यात साधारण २० मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाहूनही कमी नमुना एका छोट्या नळीत टाकतात. तो सुकवून, भाजून मग क्षणात दोन हजार अंशांच्या आसपास नेतात. नळीतला जवळपास सगळा धातू अणुरूपात येतो आणि तिथेच रेंगाळतो, म्हणून शिसं आणि कॅडमियम १ पीपीबीच्या बरंच खाली दिसतात. अडचण वेळेची आहे. नळी एकदा तापवून मोजायला, म्हणजे एका फायरिंगला, दोन-अडीच मिनिटं लागतात आणि एका वेळी बहुधा एकच धातू मोजता येतो. ४० नमुने, ५ धातू, प्रत्येकी दोन फायरिंग असा हिशेब केला तर १००० मिनिटं होतात, म्हणजे जवळजवळ १७ तास. स्टँडर्ड (ठाऊक प्रमाणाचं द्रावण) आणि ब्लँक (धातू नसलेलं शुद्ध पाणी) यांचा वेळ वेगळा.

तेच ४० नमुने आयसीपी-एमएसवर (आर्गॉनच्या प्लाझ्मात आयन करून वस्तुमानावरून धातू ओळखणारं यंत्र) दोन-तीन तासांत सगळ्या धातूंसह निघतात, आणि मोजमर्यादा पीपीबीच्या दशांशात येते. पण प्लाझ्मा मिनिटाला १५ ते २० लिटर आर्गॉन पितो. ७ घनमीटरचा सिलिंडर सहा ते आठ तासांत रिकामा होतो, म्हणून रोज चालवायचं तर लिक्विड आर्गॉनची सोय लागते. शिवाय स्वच्छ खोली, अखंड वीज, अतिशुद्ध ॲसिड आणि यंत्र ओळखणारा माणूस हवा. आठवड्याला दहा-पंधरा नमुने येणाऱ्या ठिकाणी हे यंत्र बहुतेक वेळ बंदच राहील.

आणि पाणी खारं असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी किंवा कोकण किनाऱ्याजवळच्या बोअरचं पाणी घ्या. आर्सेनिकचं वस्तुमान ७५. पाण्यातलं क्लोराइड प्लाझ्मातल्या आर्गॉनशी जोडलं गेलं की आर्गॉनचे ४० आणि क्लोरीनचे ३५ मिळून तेही ७५ होतं, आणि यंत्राला नसलेलं आर्सेनिक दिसू लागतं. म्हणून हीलियमचा कोलिजन सेल (असे जोडआयन अडवणारा कक्ष) असलेलंच यंत्र बघा. विरघळलेले क्षार लिटरला २००० मिलिग्रॅमच्या पुढे असतील तर नमुना पातळ करावा लागतो. पाचपट पातळ केलं तरी आयसीपी-एमएसची मोजमर्यादा पुरून उरते. ग्राफाइटलाही खाऱ्या पाण्याचा त्रास होतो, कारण भाजतानाच शिशाचं क्लोराइड उडून जातं. तिथे फॉस्फेटचा मॉडिफायर (शिसं उडू न देणारं रसायन) आणि झेमन करेक्शन (क्षारांमुळे येणारा खोटा संकेत चुंबकाच्या मदतीने वजा करणारी सोय) हवंच. त्याच कामाच्या साध्या ड्युटेरियम दिव्यावर भागवू नका.

आयसीपी-ओईएस (प्लाझ्मात धातू जो प्रकाश सोडतो तो मोजणारं यंत्र) मधला मार्ग म्हणून सुचवलं जातं. कारखान्याच्या सांडपाण्याला ते छान. पिण्याच्या पाण्यातल्या शिशा-आर्सेनिकला काठावरचं, आणि खारं पाणी पातळ केलं की तेही हातचं जातं. स्ट्रिपिंग व्होल्टामेट्री (धातू इलेक्ट्रोडवर साठवून विद्युतप्रवाहाने मोजायची पद्धत) स्वस्त असून शिसं-कॅडमियमला पीपीबीखाली पोचते, पण सेंद्रिय गाळ असलेल्या पाण्यात दगा देते. सहासंयुजी क्रोमियम (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) वेगळं काढायचं असेल तर मात्र ज्वाला, ग्राफाइट किंवा आयसीपी यातलं एकही यंत्र एकट्याने पुरत नाही, ती सगळी एकूण क्रोमियम सांगतात. डायफेनिलकार्बाझाइडचा जांभळा रंग साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५४० नॅनोमीटरला वाचला की ते काम होतं.

मी आज छोटी प्रयोगशाळा उभारली तर झेमन असलेलं ग्राफाइट घेईन आणि सोबत हायड्राइड-शीतबाष्प जोडणी. रोज तीस-चाळीस नमुने नियमित यायला लागले की मग आयसीपी-एमएस.

बाटलीकडे दुर्लक्ष झालं तर यातलं कोणतंही यंत्र घेऊन उपयोग नाही. नायट्रिक ॲसिडने धुतलेली प्लास्टिकची बाटली वापरा आणि नमुन्याचा पीएच लगेच २ च्या खाली आणा, नाहीतर शिसं बाटलीच्या भिंतीला चिकटतं. पाऱ्यासाठी काचेची बाटली घ्या. प्रत्येक खेपेला एक ब्लँक सोबत फिरवा.

खरेदीआधीच्या डेमोला विक्रेत्याने आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरवर समाधान मानू नका. तुमच्या भागातलं सगळ्यात खारं पाणी दोन बाटल्यांत न्या. एकीत मोजून ५ पीपीबी शिसं आणि आर्सेनिक घाला, दुसरी तशीच ठेवा, आणि कोणती कुठली हे न सांगता दोन्ही त्यांच्या हातात द्या.