कॅम्पसाइट 'तुमच्या नावावर करून देतो' म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

अमेरिकेत लाँग वीकेंडला कॅम्पग्राउंड (तंबू ठोकायच्या आखून दिलेल्या जागा, म्हणजे 'साइट', असलेलं मैदान) फुल्ल झालं, की सोशल मीडियावरच्या कॅम्पिंगच्या गटांत हमखास एक पोस्ट येते: 'आमचं बुकिंग आहे, घरी अडचण आली, जाता येत नाही. कोणाला हवं असेल तर नावावर करून देतो.' अशा माणसाला पैसे पाठवू नका. आम्ही पाठवले आणि ते गेले. हे सगळं कसं घडतं ते नीट सांगतो, कारण पुढच्या सीझनला आपल्यापैकी कोणीतरी नक्की यात सापडणार आहे.

आयोवा राज्यातल्या ॲनामोसा गावचं नॅशनल मोटरसायकल म्युझियम सप्टेंबर 2023 च्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीच्या सुमारास, कायमचं बंद होणार होतं. त्याच आठवड्यात तिथल्या गाड्यांचा लिलाव होता. इंडियन आणि हार्ली कंपन्यांच्या जुन्या मोटरसायकली एका छताखाली बघायची ती शेवटची संधी, म्हणून लांबलांबून लोक निघाले होते, आम्हीही त्यांतच. जवळपासच्या सरकारी कॅम्पग्राउंडची ऑनलाइन बुकिंग केव्हाच संपली होती. भामट्यांना नेमकी अशीच गर्दी हवी असते.

आम्हाला भेटलेल्या माणसाचं प्रोफाइल बारा-तेरा वर्षं जुनं होतं. ट्रॅक्टर, नातवंडं, चर्चची जेवणं, सगळे फोटो खरे. असं खातं बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाचं तरी हॅक केलेलं असतं, हे आता कळतंय. त्याने आमच्याकडे सरकारी दराएवढेच पैसे मागितले, एक डॉलरही जास्त नाही. यात त्याला काहीच सुटत नाही, मग तो फसवेल कशाला, असं कोणालाही वाटेल. त्याने पाठवलेल्या पीडीएफवर रिझर्व्हेशन नंबर, साइट नंबर, तारखा, पार्कचा लोगो, सगळं जागच्या जागी होतं. पैसे झेलने (बँक खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायची अमेरिकेतली सेवा) पोचल्यावर दुसरा मेसेज आला: नाव बदलायची फी भरावी लागते, ती नंतर परत मिळते. मूळ रकमेपेक्षा ही फी मोठी होती. आमच्यासोबत येणाऱ्या मित्राच्या बायकोला इथेच शंका आली आणि तिने ती भरू दिली नाही. तिचे उपकार.

शिकागोजवळच्या नेपरविलहून निघून आम्ही 64 नंबरच्या रस्त्याने सवानापर्यंत गेलो. तिथे मिसिसिपी ओलांडली की आयोवातही रस्त्याचा नंबर 64 च राहतो आणि थेट ॲनामोसापर्यंत पोचतो. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला मका, मध्येच पिवळं पडत चाललेलं सोयाबीन. एका फाट्यावर टेबलावर कणसं मांडलेली होती, शेजारी पैसे टाकायला झाकणाला फट पाडलेला डबा, आणि माणूस एकही नाही. डझनभर कणसं घेतली, डब्यात नोटा टाकल्या.

कॅम्पग्राउंडवर पोचलो तर आमच्या साइटवर एक आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी) उभी. थोड्या वेळाने विस्कॉन्सिनहून आलेलं आणखी एक कुटुंब तेच पीडीएफ फोनवर दाखवत आलं. साइट तीच, तारखा त्याच, नंबरही तोच. फक्त वरचं नाव वेगळं. कॅम्पग्राउंडची देखभाल करणाऱ्या कॅम्प होस्ट आजोबांनी यादी बघितली. तो नंबर कोणाच्या तरी आधीच्या वर्षीच्या खऱ्या बुकिंगचा निघाला, तारखा तेवढ्या खोडून नव्या टाकलेल्या. विस्कॉन्सिनवाल्यांनी 'फी'सुद्धा भरली होती. त्यांच्या मुली गाडीतच रडायला लागल्या, आणि मला त्या भामट्याचा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

रात्र निभावली ती त्या आजोबांमुळे. त्यांनी काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) एका पार्काचा पत्ता दिला. आयोवात अशी पार्कं बरीच आहेत. तिथे जो आधी येईल त्याला जागा मिळते. पाकिटावर नाव आणि गाडीचा नंबर लिहायचा, आत रोख पैसे घालायचे आणि लोखंडी पेटीत टाकायचं. दोन्ही कुटुंबांनी तंबू शेजारी-शेजारीच ठोकले. दुसऱ्या दिवशी म्युझियम बघितलं आणि त्यासाठी एवढं येणं सार्थकी लागलं.

आता पैशांचं. झेलने स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसे म्हणजे रोख दिल्यासारखे. खातं हॅक होऊन गेले असते तर कायद्याचं संरक्षण होतं. आपणच पाठवले म्हटल्यावर बँकेने हात वर केले. क्रेडिट कार्डावर असते तर स्टेटमेंट आल्यापासून 60 दिवसांत लेखी तक्रार करता आली असती. म्हणूनच हे लोक कार्ड घेत नाहीत. समोरचा फक्त झेल किंवा गिफ्ट कार्ड म्हणाला, की बोलणं तिथेच थांबवा.

पीडीएफ, स्क्रीनशॉट, फोटो यातलं काहीही पुरावा नाही. पैसे देण्याआधी पार्कच्या ऑफिसला फोन करा आणि फोन नंबर सरकारी वेबसाइटवरूनच घ्या. विकणाऱ्याने दिलेल्या नंबरावर त्याचाच साथीदार असू शकतो. बुकिंग खरंच दुसऱ्याच्या नावावर होतं का, हेही ऑफिसलाच विचारा. रद्द झालेल्या साइट ऐनवेळी सरकारी यादीत परत दिसतात, तीही पाहत राहा.

आणि रक्कम छोटी म्हणून गप्प बसू नका. एकाच साइटवर अनेकांकडून थोडे थोडे काढायचे आणि कोणी तक्रार करणार नाही यावर विसंबायचं, हाच यांचा धंदा आहे. एफबीआयच्या आयसी3 या ऑनलाइन गुन्ह्यांच्या तक्रार केंद्रावर आणि एफटीसी या ग्राहक संरक्षणाच्या सरकारी संस्थेकडे तक्रार नोंदवा. एफटीसी एकेकाचे पैसे मिळवून देत नाही, पण तक्रार पोलीस यंत्रणांना दिसते. भारतात होमस्टे किंवा सफारीच्या बुकिंगमध्ये असं झालं तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा; जितका लवकर कराल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे साउथ डकोटा राज्यात ऑगस्टमध्ये होणाऱ्या स्टर्जिसच्या बाइक रॅलीसाठी तशीच पोस्ट परवा पुन्हा दिसली. नाव वेगळं, मजकूर जवळपास शब्दशः तोच: 'घरी अडचण आली, सरकारी दरातच देतो.' मी गटाच्या ॲडमिनला कळवलंय. तुम्हाला दिसली तर तुम्हीही कळवा.